घरातलं सगळं इख काढलं

हॅलो?... हॅलो, कोन बोलतंय?... अगं मालन व्हय. बोल, बोल. सुप्यातनंच का?... न्हाई गं, झोपले नव्हते. दुपारचे चार वाजत आलेत, आता कसली झोप.

आवाज?... कसा येतोय?... न्हाई, लाईनच तसली हाय आमच्या सोनईची. म्हंजी... बरं, बरं. दाढ ठनकतीय. लवंग धरलीय. तू बोल.

कुनी सांगितलं तुला?... तुझ्या दाजींनी? म्हंजी हे आता मेव्हनीला फोन करून बायकोची गाऱ्हानी सांगत्यात? काय म्हनले?... "तुझ्या आक्कानं अख्खं घर उकिरड्यावर टाकलं"? खोटं हाय. अख्खं न्हाई. मला आन् त्यांना ठिवलंय अजून.

अगं ऐक ना. आमच्या महिला मंडळात नगरच्या एक डॉक्टरीणबाई आल्या हुत्या... हो, हो, बायकांच्या वयाचंच भाषन. पाळी जायच्या टायमाला अंगातनं वाफा निघत्यात, झोप उडती, हाडं ठिसूळ हुत्यात... तुला बी वाफा? मग ऐक की. त्या म्हनल्या, बाईच्या अंगात हार्मोन असत्यात, सगळा कारभार त्यांच्याकडं. आन् आपन घरात नाही नाही ती रसायनं आनून ठिवतो. गरम भाजी प्लास्टिकच्या डब्यात, वासाची पावडर, केसांचा काळा रंग, ढेकनांचं औषध. मग अंगाला कळत न्हाई, आपलं कोन आन् परकं कोन. आधी घरातलं इख काढा, म्हनल्या, मग माझ्याकडं गोळ्या मागायला या... पटलं ना? मला बी पटलं. आन् मला पटलं की काय हुतं ते तुला लहानपनापास्नं ठाऊक हाय.

हसू नको. आधी ऐकून घे, मग एकदाच हस.

प्लास्टिकचे डबे गेले... सगळे. कुंभाराकडनं मडकी आनली. नवी कोरी. पानी बी न मुरवता तेल भरून ठिवलं त्यात... व्हय, तू शहानी. सकाळी मडकं कोरडं आन् तेल खालच्या फळीवर. खालच्या फळीवर तुझ्या दाजींची लग्नाला जायची टोपी हुती. आता ती टोपी घातली की येगळं डोक्याला तेल लावाया नको.

मग पेटीतल्या डांबरगोळ्या काढल्या. कसरीला कळवलंच असंल कुनीतरी. माझा शालू खाल्ला... पदर राहिलाय गं. लोकांना पदरच दिसतो.

केसांचा रंग बंद केला, मेंदी थापली. कपाळापास्नं पार गाजर. एस्टीत कंडक्टरनं हाक मारली, "ए आजी, इथं बस." मी सेहेचाळीसची आन् तो चाळिशीचा... मग काय, बसले. जागा मिळाली ती कशाला सोडू?

डास मारायची कॉइल बी बंद. ह्यांनी इचारलं, मग डासांचं काय? मी म्हनलं, डास चावला तर खाजवता येतं. ह्या घरात आता धूर म्हनून हुनार न्हाई, असं ठनकावून सांगितलं... व्हय, ह्याच तोंडानं.

न्हाई मालन. माझ्या वाफांसाठी एवढं न्हाई केलं. मला काय, वाफ आली की पदरानं वारा घ्यायचा. ह्ये सगळं वृषालीसाठी. पाचवा लागला तिला. मागच्या येळंला तिसऱ्यातच गेलं, तू आल्तीस की भेटायला. तवापास्नं पोरगी हसायची बंद झाली. आमचा सहादेव रोज रानातनं येतो आन् आधी तिच्या तोंडाकडं बघतो. मला लई भ्या वाटतंय गं. आता सुनंला काही झालं तर मी कुनाला तोंड दाखवू?

बाकी बरी हाय. खोकला तेवढा जाईना... झाला की महिना. म्हनून तर मी असं भूत लागल्यागत करतीय. फिनेल टाकून दिलं, खोकला हायेच. उदबत्ती बंद केली, देव बी बोलत असतील मला, खोकला हायेच. भिंतीचा रंग असंल म्हनून भिंती हुंगत फिरले. मग तुझ्या दाजींच्या वासाच्या तेलावर संशय आला, त्यांना बाहेर ओट्यावर झोपवलं... अजून तिथंच हायेत. म्हनून तर तुला फोन केला असंल त्यांनी.

कधी म्हंजी?... सकाळी उठल्या उठल्या खोकती. आन् आता, ह्या टायमाला... ऐकलास? ह्योच. सैपाकघरातनं आला.

काय करती आत?... काही न्हाई गं, मी काडी उचलू देत न्हाई तिला. चहा ठिवती. आन् तवा... तवा म्हंजी तवा. कशाला म्हंजी? काय फौजदारासारखं इचारतीस?

...बरं बाई. मिसरीला. चिमूटभर तंबाखू भाजायची तव्यावर... व्हय, काळी हुईस्तोवर. तिच्या हातची एकसारखी हुती, माझी मेली करपती... लवंग न्हाई, मिसरीच हाय तोंडात. झालं समाधान? पन ती कशाला मोजायची ह्याच्यात? ती काय बाटलीतलं रसायन हाय? आईची हुती, आजीची हुती. दात घासायची वस्तू ती.

न्हाई, डॉक्टरीणबाई काही न्हाई बोलल्या मिसरीचं... शेवटपर्यंत बसले की. म्हंजी... मधी जरा बाहेर गेल्ते. हपशावर... चूळ भरायला... व्हय. मिसरीचीच.

तुमच्या सुप्याला बी आल्या हुत्या त्या? आन् तू मघापास्नं मला बोलू देतीस व्हय गं?... मग काय म्हनल्या शेवटी?

हं.

हं... माझी पाळी चाळिशीतच गेली, ती मिसरीनं बी असंल?... आन् हाडं बी?

...आन् पोटुशीला? ती लावत न्हाई गं, नुसती भाजून देती... नुसता धूर गेला तरी?

मालन, मीच सांगते गं तिला. सकाळी एकदा, चारला एकदा. "वृषाली, तवा ठिव." ती तोंडाला पदर लावून भाजती, आन् मी शेजारनींना सांगते, किती गुनाची पोर. ती आत धुरात, आन् मी बाहेर भिंती हुंगत. काखेत कळसा न् गावाला वळसा म्हनत्यात. माझा तर कळसा तोंडातच हुता.

थांब. फोन धर जरा...

वृषाली, अगं उतरव तो तवा... न्हाई झाली मिसरी तर न्हाई झाली. गॅस बंद कर आन् परसात जाऊन वाऱ्याला बस... न्हाई गं बाई, तुझ्यावर कशाला चिडू?... न्हाई, तू हात नको लावू त्याला. मी टाकते. तू जा आधी बाहेर.

...हॅलो? हायेस का? चूळ भरून आले... आता साफ ऐकू येतंय? मग लाईन चांगलीच हुती म्हन की आमची.

व्हय, टाकली. डबीसकट... न्हाई, शपथ नको घ्यायला लावू. तीस वर्सांची सवय हाय, मडकी न्हाई ती फोडायला. आत्ताच हिरड्या शिवशिवायला लागल्यात. आन् उद्या परत चार वाजनार. रोजच वाजत्यात मेले.

ऐक ना. एक काम कर. उद्या ह्याच टायमाला मला फोन कर... काही बी बोल. सासूच्या चुगल्या सांग, नुसतं माझ्यावर खेकसलीस तरी चालंल. तोंड बोलन्यात गुतलं की... फोनच्या बिलाचं तुझ्या मालकांनी इचारलं तर सांग, आक्का आजारी हाय. खोटं न्हाई ते.

आन् तुझ्या दाजींना सांग, ओट्यावरनं आत या म्हनावं. मी सांगितलं तर मला हसतील... हॅलो?... मालन?... हॅलो?

गेली लाईन.

...वृषाली, उठू नको. बस तिथंच वाऱ्याला, चहा मी ठिवते. तू आपली बोलत रहा माझ्याशी. काही बी बोल, पन पाच वाजंपर्यंत बोलायची थांबू नको.