शेजारच्या गावात ठेवलेल्या कुऱ्हाडी

टाळ जरा मांडीवर ठेवा, मंडळी! आधी माझं एक उत्तर द्या — ज्याच्यावर भरवसा नाही, त्याच्याबरोबर भागी करता येते का?

माना हलल्या! नाही म्हणता? मग ऐका.

सातपुड्यात एक डोंगर. माथ्याला पावरा लोकांचा उमरीपाडा. पायथ्याला शेतकऱ्यांचं खैरवे. मधल्या उतारावर चारोळीची झाडं. तुमच्या श्रीखंडावर चार दाणे असतात, अन् पाहुण्याच्या वाटीत पाच दिसले की पोटात दुखतं ना — तीच चारोळी!

सरकारनं हे रान दोन्ही गावांना मिळून राखायला दिलं. सभा झाली. ठरलं — आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, आधी फळाला हात लावायचा नाही! चहा झाला, टाळ्या झाल्या.

अन् मनात? वरचे म्हणतात, खालचे ओरबाडणार. खालचे म्हणतात, वरचे! घाईत फळं कोण वेचतो हो? फांदीच छाटतात!

ठगीबाय पाड्याची कारभारीण. तिचा रेमसिंग बायकोला घेऊन सुरतेहून परत आला होता, तो याच झाडांच्या आशेवर. झाडं गेली की पोरगा पुन्हा गेला — एवढंच तिच्या डोक्यात घुमायचं.

आखाजीला महिना राहिला. सकाळीच कुणी ओरडलं — "खालचे चढले!" झालं! पाडा धावला. ठगीबायही धावली, खांद्यावर कुऱ्हाड! उतारावर बघते तर — समोर अख्खं खैरवे! पुढे भिला आप्पा, धापा टाकतोय, खांद्यावर कुऱ्हाड!

"चोरायला आलात?"

"आम्ही? तुम्ही उतरलात असं ऐकलं, म्हणून आलो!"

"राखणीला कुऱ्हाड लागते का, आप्पा?"

"मग तुझ्या खांद्यावर काय आहे, माय — लाटणं?"

हसा! तिथं कुणी हसलं नाही. कारण रेमसिंग झाडावर चढला होता. कुऱ्हाड उगारलेली!

"आई, आपण थांबलो तर हे नेतील!"

ठगीबायलाही वाटलं — छाट! एक क्षण वाटलंच! तिनं हिरवं फळ तोडलं. दगडावर ठेचलं. आत दाणा कुठला — नुसतं पाणी! ते तिनं आप्पाच्या नाकासमोर धरलं.

"यासाठी?"

आप्पानं कुऱ्हाड खांद्यावरून खाली घेतली.

"रेमसिंग, उतर!" पोराच्या हातची कुऱ्हाड घेतली अन् — दिली आप्पाच्या हातात! "आखाजीपर्यंत आमच्या सगळ्या तुमच्या घरी. तुमच्या आमच्या घरी. दुसऱ्याची कुणी चालवायची नाही!"

"अन् मी सरपण कशानं फोडू?"

"वर यायचं. मागायची. माझ्या अंगणात फोडायचं. चहा देईन."

भरवसा होता का, मंडळी? नव्हता! म्हणूनच दिली!

मग काय वर्दळ! हा मोळी घेऊन वर, तो खाली. कुरकुर करत चढायचे, चहा पिऊन उतरायचे. अन् झाडं? कुणी हातच लावला नाही!

आखाजी उजाडली. फळं काळीभोर! कुऱ्हाडी परत निघाल्या. रेमसिंगनं आपली घेतली — अन् बघतच राहिला. दांडा नवा! गुळगुळीत!

आप्पा खाली बघत म्हणाला, "जुना हलत होता. पोराच्या पायावर पडली असती."

ठगीबायनं आप्पाची कुऱ्हाड काढली. नुसती कोपऱ्यात ठेवलेली, गंजलेली. तिनं ती पटकन पदराआड घेतली.

"तुमची उद्या देते, आप्पा!"

"का गं?"

"धार लावायची राहिली!"

आता हसले! दोन्ही गावं हसली!

अन् तुम्ही? बांधावरून भांडता, विहिरीवरून भांडता, अन् रोज माझ्या कीर्तनात हात जोडता. तोच हात शेजाऱ्यापुढे मोकळा करून दाखवा की! सांगा — तुमची कुऱ्हाड आज कुणाच्या घरी आहे?

उत्तर घरी गेल्यावर द्या! उचला टाळ!