हिरवा दिवा आणि रामरावाचं घड्याळ

अरे, कुंभकोणमच्या ड्रॅग रेसच्या ट्रॅकवर मला आजवर कोणी हरवलेलं नाही! आता मी कधी शर्यतीत गाडीच उतरवली नाही, ते सोडा. दर आदितवारी मी जातो तो मित्राची, रामरावाची, खोडी काढायला. त्याची जुनी स्कूटर कधी जिंकत नाही, पण धुरात उभे राहून आम्ही दोघं म्हातारे पोरांहून जास्त ओरडतो.

परवा त्याची बायको सरसक्का सोबत आली. "आज हरलात तर हा ट्रॅक कायमचा बंद!"

आदितवारी सहापर्यंत राहुकाळ. त्यात रामराव स्कूटरची किल्लीही फिरवत नाही. त्याची पाळी सहानंतरची होती, पण दुपारीच मी गुपचूप त्याचं घड्याळ दहा मिनिटं मागं केलेलं. हिरवा दिवा लागला, शेजारची गाडी सुटली, आणि हा मनगट बघत बसलेला!

"अरे, निघ!"

"राहुकाळात? अजून चार मिनिटं आहेत!"

हरला. तोंड एवढंसं झालं त्याचं. मग मलाच राहवेना. "अक्का, घड्याळ मी फिरवलं. त्याचा आदितवार बंद करू नका."

"नाही करत," सरसक्का म्हणाली. "पुढच्या आदितवारी घड्याळ मी बांधून येते. भावजी, तुम्ही घरी बसून रसम ढवळा."