चित्र हलेल

(सूक्ष्मदर्शकाच्या खोलीचं दार आतून बंद. आत डॉक्टर, बाहेर गारव्याची यंत्रं सांभाळणाऱ्या मावशी. मधे भिंतीतला स्पीकर.)

डॉक्टर : अजून दहा मिनिटं, मावशी! अकरा महिन्यांनी नमुना इतका गार आणि इतका स्थिर बसलाय. चित्र उमटतंय!

मावशी : पुन्हा बोला बरं.

डॉक्टर : काय बोलू?

मावशी : काहीही. तुमचा आवाज बारीक झालाय. लहान मुलासारखा.

डॉक्टर : अरेच्चा, खरंच की! ऐका, ऐका... फुग्यातला गॅस ओढल्यासारखा. गंमतच आहे!

मावशी : गंमत कसली! नमुना गार करायचा हेलियम गळतोय. इथल्या मीटरवर ऑक्सिजन सोळा टक्के दिसतोय, एकवीस हवा. बाहेर या.

डॉक्टर : गळत असता तर भोंगा वाजला असता.

मावशी : भोंग्यात कापूस आहे. तुम्ही म्हणालात, त्याच्या आवाजानं चित्र हलतं. आणि मी मेलीनं कोंबला.

डॉक्टर : मला तर काहीच होत नाहीये. उलट छान हलकं वाटतंय.

मावशी : तसंच वाटतं हो! छान वाटता वाटताच माणूस आडवा होतो. मी हवा ओढायचा पंखा लावतेय.

डॉक्टर : पंखा नको! हात जोडतो, मावशी, चित्र हलेल!

मावशी : हलू दे. लावला.

डॉक्टर : गेलं... सगळं पुसलं. काय केलंत हे तुम्ही!

मावशी : शिव्या नंतर द्या. पंखा पुरत नाहीये, ऑक्सिजन चौदावर आलाय. अजून उतरतोय. दार उघडा.

डॉक्टर : उठतो... पाय कुठे गेले माझे?

मावशी : उठू नको! अरे, खाली बस! हेलियम छताकडे जातो, चांगली हवा जमिनीलगत आहे. रांगत ये.

डॉक्टर : अंधारी येतेय.

मावशी : माझ्या आवाजाकडे ये. गप्प बसू नकोस.

डॉक्टर : आलो... दार लागलं हाताला. कडी वर आहे.

मावशी : माहितीये. कुणी दार आपटू नये म्हणून तूच लावलीस. ऐक. नाक जमिनीला लाव, तीन श्वास घे. तिसरा कोंडून धर, उठ आणि ओढ. वर श्वास घ्यायचा नाही, काही झालं तरी.

डॉक्टर : नाही जमणार.

मावशी : जमेल. एक.

डॉक्टर : मला भीती वाटतेय, मावशी.

मावशी : मलाही वाटतेय रे. दोन. तीन, कोंड! उठ! ... अरे, कडी! डॉक्टर? ए पोरा, बोल ना काहीतरी!

(आतून कडी ओढल्याचा आवाज.)

मावशी : उघडलं! ये, ये, पड इथेच. मोठा श्वास घे. आणखी एक. आता बोल.

डॉक्टर : काय बोलू?

मावशी : काहीही. आवाज ऐकू दे तुझा.

डॉक्टर : चित्र गेलं, मावशी.

मावशी : जाड झाला. जाड झाला बाई आवाज.

डॉक्टर : मग तुमचा का बारीक झालाय? इथेही गॅस आलाय का?

मावशी : नाही रे. इथे साधी हवाच आहे.