हळद न लागलेली कुंची

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांपासून, सुमाताई, घरात हे असं आहे — बसा हो, पाळण्याची चादर मग दाखवा, आधी तुम्हीच विकलेल्या या कुंचीचं ऐका. उद्या बाळाचं बारसं. आम्ही रंगारी, अल्वा, हो ना? आमच्यात बाळाची पहिली कुंची घरातल्या मोठ्या माणसानं आपल्या हातानं हळदीत रंगवायची. माझे सासरे गणपतराव — अर्धं चामराजपुरम त्यांच्याकडे लुगडी रंगवायला टाकायचं — त्यांनी तुरटी घातली, हळद उकळली, कुंची बुडवली. वर काढली तर पांढरीफेक! अळवाच्या पानावरून पाणी जावं तशी हळद खाली. पाच वेळा बुडवली. कोपरापर्यंत हात पिवळे, फरशी पिवळी, अय्यो, मांजर पिवळं — कुंची तशीच!

हसू नका. तुम्हीच सांगितलंत ना — केसाच्या हजाराव्या भागाएवढे चांदीचे कण, जंतू बसला की मेला, वरच्या लेपाला काही म्हणून चिकटायचं नाही. मी सातवी शिकले, पण एवढं कळलं. त्या शास्त्रज्ञांना एवढे बारीक कण दिसतात, आणि घरात एवढे मोठे सासरे दिसले नाहीत?

मी हे सकाळीच मामंजींना का नाही सांगितलं? सांगणार होते — पण मग ते विचारणार, "एवढी महाग कुंची कशाला घेतलीस?" काय सांगू, "तुमच्या खोकल्याच्या भीतीनं"? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जुना दमा आहे, कुणाला लागत नाही. पण असं म्हटल्यानं भीती जाते का? अकरा दिवस झाले, त्यांच्या मांडीवर मी बाळ दिलं नाही. दूध पितोय — झोपलाय — आत्ताच न्हालाय. त्यांनीही मागितलं नाही. एकदाच म्हणाले, "कुंची तरी माझ्या हातची घालेल ना?"

आता मागच्या ओट्यावर बसलेत. जेवले नाहीत. म्हणतात, "माझा हात गेला, सूनबाई." माझं सुती लुगडं फाडून मी दुसरी कुंची शिवली, ही बघा, ही रंगेल — पण ते हळदीच्या पातेल्याकडे बघत नाहीत.

नको, चादर नको. पिशवी उचला तुमची. फक्त जाताना मागच्या दारानं जा, आणि त्यांना सांगा — दोष कापडाचा, हाताचा नव्हे. माझं नाव नका घेऊ... नाही, घ्या. आणि सांगा, बाळ जागं आहे.