खेळकाकांचं सर्वांत अवघड धावतं वर्णन

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती आमचे खेळकाका, आदरणीय काकू, आणि चहा येईपर्यंत खुर्ची न सोडणारे माझे सहकारी,

काकांनी आपल्या रेडिओ केंद्रावरून आयुष्यभर सामने ऐकवले. पण त्यांचं सर्वांत गाजलेलं वर्णन कुठलं? स्तनांच्या कर्करोगाचं! हसा, हसा. त्या दिवशी आम्हीही हसलो होतो.

महिलांच्या कार्यक्रमात डॉक्टरीणबाई आल्या होत्या. घरच्या घरी स्वतःची तपासणी कशी करायची, ते सांगायला. प्रक्षेपणाचा लाल दिवा लागला आणि बाईंची दातखीळ बसली. "म्हणजे... तो भाग... तिथे..." शेजारी काका खेळाच्या बातम्यांसाठी ताटकळले होते. त्यांनी माईक ओढला. "डॉक्टर, तुम्ही नुसतं करून दाखवा, बोलतो मी!"

आणि जे सुटले! "श्रोतेहो, डावा हात डोक्यामागे गेलेला आहे! उजव्या हाताची तीन बोटं सपाट... काखेपासून सुरुवात... छोटी छोटी वर्तुळं... संपूर्ण स्तन, एकही कोपरा सुटता कामा नये! वा, काय सफाई आहे!"

काचेपलीकडे यंत्रं सांभाळायला मी. हसून हसून मुरकुंडी वळलेली. डॉक्टरीणबाईंची नक्कल म्हणून मीही एक हात डोक्यामागे घेतला, दुसऱ्या हाताची बोटं फिरवू लागले, आणि एका जागी ती अडखळली. वाटाण्याएवढं काहीतरी. दुखत नव्हतं की खुपत नव्हतं.

काकांनी काचेतून माझा चेहरा पाहिला. आवाज मात्र तसूभरही हलला नाही. "गाठ लागली तर घाबरायचं नाही, पण घरीही बसायचं नाही. कार्यक्रम संपला की थेट डॉक्टरांकडे. हो, तुम्हीच!" गावातल्या प्रत्येक बाईला वाटलं, हे मलाच म्हणताहेत. बरंच झालं की! दुसऱ्या दिवशी दवाखान्यात ही भलीमोठी रांग. त्या रांगेत मीही, आणि माझा हात घट्ट धरून काकू.

गाठ कर्करोगाचीच निघाली. पण वेळेत सापडली. ऑपरेशन झालं, केस गेले, परत आले, तेही कुरळे! डॉक्टरीणबाईंचं म्हणाल, तर आता माईक दिसला की त्या आवरत नाहीत. हा अपराध सर्वस्वी काकांचा.

काका, तेव्हा मला फार भीती वाटली होती. आज फार मजा येतेय. तुमचे उपकार फेडायच्या भानगडीत मी पडणार नाही, जन्म पुरायचा नाही.

एवढा वेळ सोसलंत, आभार. बोलण्याच्या भरात जीभ घसरली असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर पोटात घाला. पोटात मावतच नसेल, तर उद्या केंद्रावर येऊन खुशाल भांडा. मी असणार आहे.