पोटाखालची लोकर

बंकट : माय, माझ्या पोरीच्या हातातली कातर घे आधी. मेंढीला लागलं, रगत आलंय.

कडूबाई : दिसलं मला. बबे, हळद लाव. दाबून धर जरा. आन् कातर आडवी चालव, टोक खुपसू नको.

बबिता : लावली, आजे.

कातर : कच्. कच्. कच्.

बंकट : अगं, उरलेली मी दोन मिनटात काढतो! शेजारच्या धुळाजीच्या पोरांनी आठ मेंढ्या कातरून मोकळ्या केल्या. आपली एक, ती बी अर्धी. सगळे हसायलेत.

कडूबाई : हसू दे. दात त्यांचे हायत.

बंकट : अकरा वर्षाच्या पोरीला कातर देतं व्हय कुणी? आपल्यात बायांनी सूत काढायचं.

बबिता : सूत बी काढते की मी.

बंकट : आन् ही लोकर इकायची कुठं? पाटोद्यात फुकट कुणी उचलंना. खड्ड्यात टाकायच्या मालाला एवढी नक्षी कावून?

कडूबाई : मेंढीला बाजारभाव ठावं हाय व्हय? पोटाखाली गोचिड तिला चावतात, व्यापाऱ्याला न्हाई.

बंकट : म्हून तर म्हणलं, सरक, मी काढतो.

कडूबाई : फुडं येऊ नकोस, बंकट.

बंकट : मी काय ल्हान हाय?

कडूबाई : ल्हान होतास तवा तुझा बाप असंच म्हणायचा. सरक, तुला जमंना. दरवेळी अर्ध्यातून कातर काढून घ्यायचा. मी बघत बसायची. काम लवकर उरकलं म्हून मला बरंच वाटायचं. आता बघ. घराचा ओटा अर्धाच सोडलास. जळलेल्या मोटारीत तार भरायचं शिकायला बीडला गेलतास, महिन्यात माघारी आलास.

बंकट : ते आज कावून काढलंस?

कडूबाई : तुझी चूक न्हाई, लेकरा. काम सरल्यावर हाताला कसं वाटतं, ते तुला आमी कळूच दिलं न्हाई.

कातर : (गप्प.)

बंकट : बघ, थांबली. दमली ती.

बबिता : दमले न्हाई. घाम पुसायले.

बंकट : बोटं सुजलीत, बबे. राहू दे. पोटाखालचं कुणाला दिसतंय?

बबिता : तुमाला. तवापासून तेच बघायलात.

बंकट : तोंड बघ हिचं!

कडूबाई : तोंड माझ्यावर गेलंय. हात तिचे हायत.

बंकट : आगं, पायाची दोरी ढिली झाली. मेंढी उठायली. परत लागंल तिला!

बबिता : कातर देणार न्हाई मी.

बंकट : कोण मागतंय कातर? मागचे पाय दे इकडं.

बबिता : निस्ते धरायचे.

बंकट : निस्ते धरतो.

कातर : कच्.

बबिता : घट धरा, दादा. मला येळ लागंल.