यमपुरी, चंद्रलोक आणि किसनअण्णांची ओ

मंडळी, मायबहिणींनो, हट्ट्याहून, हिंगोलीहून ऊन डोक्यावर घेऊन आलेल्या माणसांनो,

मला बोलायला सांगितलंय. वर्गात मी दिवसभर बोलतो आणि माझं तोंड बंद करणारा अजून जन्मला नाही, हे तुम्ही जाणता. आज मात्र शब्द जिभेवर येतात आणि माघारी जातात. किसनअण्णा गेले. चार दिवस झाले तरी हे वाक्य मला खोटं वाटतं.

ही सभा शाळेत घ्या, असं मी म्हटलं होतं. तिथं सावली आहे, सतरंज्या आहेत. पण अण्णांच्या हाताखालच्या महादूनं ऐकलं नाही. "अण्णा जितं उभे राहायचे तितंच बोला," म्हणाला. म्हणून आपण जत्रेच्या मैदानावर, त्यानं हिंगोलीहून आणून उभारलेल्या अण्णांच्या तंबूसमोर बसलो आहोत. तुमची तोंडं तंबूकडे आहेत. माझी पाठ तंबूकडे आहे. ही व्यवस्था मी केलेली नाही, एवढं लक्षात असू द्या.

काही नव्या सुना बसल्यात, जावई बसलेत. त्यांना सांगतो. अण्णा हिंगोलीचे. आपल्या जत्रेत त्यांचा तंबू दर वर्षी यायचा. त्याचं नाव यमपुरी. लोखंडी रूळ, त्यावर चार माणसांची लाकडी गाडी, आणि ती अंधारात ढकलणारा हा आपला महादू. आत कागदाच्या लगद्याचे, रंगवलेले पुतळे. आधी वैतरणी नदी, मग दात विचकणारे यमदूत, मग उकळत्या तेलाची कढई आणि त्यात पापी माणसं, मग रेड्यावर बसलेला यम. दोरी ओढली की यम मान वळवून आपल्याकडेच बघायचा. आणि त्यानंतर शेवटचं वळण. तिथं पुतळा नव्हता, दिवा नव्हता, काहीच नव्हतं.

त्या वळणाचा रिवाज कुणी घातला, मला माहीत नाही. ज्या घरात त्या वर्षी माणूस गेलं असेल, त्या घरातलं कुणीतरी जत्रेत गाडीत बसायचं. शेवटच्या वळणावर गेलेल्याच्या नावानं एकदा हाक मारायची. एकदाच. अंधारातून ओ यायची. ती ओ ऐकून घरी गेलं की त्या घरात पुन्हा गोड शिजायचं, सणवार सुरू व्हायचे. ओ येईपर्यंत नाही. तुमच्यापैकी किती जणांनी तिथं हाक मारलीय, हात वर करायला मी सांगत नाही. मला चेहऱ्यांवर दिसतंय.

ओ कोण देतं, हे कुणी विचारत नव्हतं. मला विचारायची गरजच नव्हती. मी शिकलेला माणूस. अण्णा कनातीमागून ओ देतात, हे मी पोरांना वर्गात सांगायचो. आमच्या वस्तीतली बाया-माणसं तिथं जायची त्याचा मला राग यायचा. विहारात वंदना करायची आणि जत्रेत यमाच्या दारात जायचं, हे कसलं वागणं?

आता भांडणाचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय अण्णा कळायचे नाहीत.

दुष्काळाच्या साली जत्रा भरलीच नाही. पुढच्या साली पाऊस बरा झाला आणि जत्रेच्या आधी अण्णा एक मोठं चित्र गुंडाळून गावात आले. स्टँडजवळच्या हॉटेलात ते त्यांनी बाकड्यावर पसरलं. काळं आभाळ, चांदण्या, रॉकेट, आणि भला मोठा चंद्र. म्हणाले, "यमपुरी मोडून राहिलो. यंदा चंद्रलोक." तेव्हा माणूस चंद्रावर जाऊन आल्याचं रेडिओनं सांगून झालं होतं आणि पोरांची तोंडं अजून मिटली नव्हती.

मंडळी, आपल्या गावात ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला एवढी भांडणं झाली नाहीत. एका बाजूला यमपुरीवाले, एका बाजूला चंद्रवाले. यमपुरीवाल्यांचे पुढारी कोण? हे समोर बसलेले दगडू पाटील. पाटील, हसू नका, शोकसभा आहे. पाटलांना यमपुरीचा पुतळा न् पुतळा पाठ. तिसऱ्या यमदूताचा डावीकडचा दात कोणत्या जत्रेत तुटला, यावरून त्यांनी साडूशी अबोला धरला होता. पाटील म्हणाले, "चंद्रावर हाय काय पाहायला? दगडं. दगडं माझ्या वावरात कमी हायेत काय? यम पाह्यला की लेकरं सुतासारखी सरळ होतात. चंद्र पाहून कोण सुधरलं?"

चंद्रवाल्यांच्या बाजूनं मी बोललो. आणि आजही, अण्णांच्या तंबूसमोर उभा राहून सांगतो, मी बरोबर बोललो. मी विचारलं, "अण्णा, कढईत तळले जाणारे सगळे पुतळे काळे. यमाच्या दरबारात मानानं बसलेले सगळे गोरे. कढईतल्याच्या हातात झाडू, कमरेला फाटकं धोतर. आमच्या वस्तीतलं पोरगं तुमच्या गाडीतून उतरलं आणि मला म्हणालं, गुरुजी, कढईतला माणूस माझ्या आज्यासारखा हाय. त्याला मी काय सांगू?"

अण्णा खाली बघत म्हणाले, "मास्तर, ते पुतळे माझ्या बापानं केलेले. मी नुसता दर साली रंग देत आलो. जो होता तोच देत आलो. कधी इचारच केला न्हाई." कुणी आपली चूक इतक्या सरळ कबूल केली की भांडणारा उघडा पडतो.

तेवढ्यात कुणीतरी तोड काढली, यमालाच चंद्रावर बसवा. त्यावर सगळे हातघाईवर आले. आणि त्या गोंधळात हॉटेलच्या दाराशी गयाबाई उभ्या राहिल्या.

गयाबाई हट्ट्याच्या. त्या तिकडे बसल्यात, हिरव्या लुगड्यात. त्यांची लेक कौसल्या, कौशी म्हणायचे तिला, दुष्काळाच्या साली तापानं गेली. दहा-अकरा वर्षांचं लेकरू. जत्रा भरली नाही म्हणून तिची हाक राहून गेली होती. दीड वर्ष त्या घरात गुळाचा खडा फुटला नव्हता. गयाबाई एवढंच म्हणाल्या, "तुमी यम ठेवा का चंद्र ठेवा. पर माझ्या कौशीची हाक राह्यली हाय. ते वळण मोडू नका."

अण्णांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. दया आली म्हणून माणूस असा पांढरा पडत नाही. पण ते म्हणाले, "वळण ऱ्हाईल, बाई."

सभा उठली. मी एसटीपर्यंत त्यांच्यासोबत चाललो. निम्म्या वाटेत ते थांबले आणि मला विचारलं, "मास्तर, ओ कोण देतं?"

मी हसलो. "तुम्हीच की!"

"मी तर दारावर तिकिटं फाडत असतो. मला वाटायचं महादू देतो. मागल्या जत्रेत त्याला म्हटलं, महाद्या, घसा बसला काय रे, यंदा ओ लई बारीक येऊन राहिली. तर तो माझ्या तोंडाकडं पाहत राह्यला. म्हणे, अण्णा, मी न्हाई. मी तर समजून राहिलो व्हतो, तुमी देता."

मंडळी, दोन माणसं. वर्षानुवर्षं एका तंबूत. याला वाटतं तो देतो, त्याला वाटतं हा देतो. आणि एकानंही विचारलं नाही, कारण असल्या गोष्टीचं श्रेय मागायचं नसतं, असं दोघांच्याही मनात. महादू, खोटं सांगत असलो तर इथंच थांबव मला.

मी अण्णांना प्रतिध्वनी समजावला. कनात, पत्रे, मागच्या गर्दीचा आवाज, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मास्तर, प्रतिध्वनी नाव माघारी म्हणतो. ओ म्हणत न्हाई."

म्हणून त्यांना यमपुरी मोडायची होती. माझ्या मुद्द्यासाठी नव्हे, पोरांच्या चंद्रासाठीही नव्हे. त्यांना भीती वाटत होती. आणि तरी एका आईला त्यांनी वळण ठेवायचा शब्द दिला होता. मला म्हणाले, "यंदा मी सोता आत उभा राहीन. ओ मी देईन. माणसाची ओ पाहिजे, मास्तर. त्या बाईला माणसाची ओ पाहिजे."

पुढचे दिवस त्यांनी हिंगोलीच्या शेडमध्ये काम केलं. मी एका रविवारी गेलो होतो. सगळे पुतळे हौदात भिजत घातलेले. यम, रेडा, कढईतली माणसं, दरबारातली माणसं, सगळ्यांचा एकच लगदा. काळं-गोरं काही उरलं नव्हतं, आणि मला, खरं सांगतो, बरं वाटलं. त्याच लगद्याचा त्यांनी चंद्र केला. एका बाजूला उंचवटा राहून गेला होता. अण्णा तो घासून सपाट करायचे. सुकला की तो पुन्हा वर यायचा. रेड्याचं शिंग आहे ते, असं पाटील आजही म्हणतात. मी म्हणतो, लगदा नीट कुटला नव्हता. तुम्ही काय ते ठरवा.

जत्रा भरली. चंद्रलोकापुढं रांग लागली. दुपारची वेळ, असंच ऊन. गयाबाई गाडीत बसल्या आणि त्यांच्या शेजारी मी बसलो. अण्णांनीच सांगितलं होतं, बाईला एकटं सोडू नका. महादूनं गाडी ढकलली. चांदण्या गेल्या, रॉकेट गेलं, चंद्र डोक्यावरून गेला. रंग सगळा नवा, पण रुळांचा आवाज तोच. मग शेवटचं वळण. मग अंधार.

गयाबाईंनी हाक मारली. "कौशेऽऽ!"

डावीकडून अण्णांची जाड, घोगरी ओ आली. "ओऽ, आई."

त्याच्या जरा आधी, उजवीकडून, गाडीच्या अगदी लगत, एक आली. बारीक. खेळता खेळता हाक ऐकलेलं लेकरू देतं तशी. जरा कंटाळल्यासारखी. आलेच, म्हणाल्यासारखी.

तुम्ही म्हणाल, मास्तर, तुम्हाला भास झाला. म्हणा. मी स्वतःला रोज तेच म्हणतो. पण बाहेर उन्हात आल्यावर अण्णा कनातीमागून आले, घामानं निथळत, आणि गयाबाई त्यांना काय म्हणाल्या ते ऐका. रागावून नाही, अगदी मायेनं म्हणाल्या, "अण्णा, तुमी काहून तकलीफ घेतली? ती देऊनच राहिली व्हती की."

त्या संध्याकाळी गयाबाईंच्या घरी गोड शिजलं. अण्णा मात्र जेवले नाहीत.

मी त्यांना म्हटलं, आता सोडा हे, तंबू विकून टाका. त्यावर त्यांनी जे उत्तर दिलं त्याच्यासाठी मी आज इथं उभा आहे. म्हणाले, "मास्तर, मी आत गेलो न्हाई तर लोकं हाक मारायची थांबणार हायेत काय? मारतीलच. मग आत फक्त ती एकच ओ ऱ्हाईल. लोकांना तिच्यासंगं एकटं कसं सोडू?"

त्यानंतर प्रत्येक जत्रेत अण्णा त्या अंधारात उभे राहिले. दारावर दुसरा माणूस बसवला. भीती गेली नव्हती. आत शिरण्याआधी ते दोनदा मागं वळून उन्हाकडं पाहायचे, हे महादूनं पाहिलंय, मी पाहिलंय. कुणाच्या बापासाठी, कुणाच्या सुनेसाठी, कुणाच्या तान्ह्यासाठी त्यांनी ओ दिली. माझी आई गेली तेव्हा मीही हाक मारली. हो, मी. मी काय ऐकलं ते विचारू नका. अण्णांची ओ ऐकली आणि माझे पाय जमिनीला लागले, एवढं सांगतो.

आपण यमपुरी का चंद्रलोक यावर वर्षं घालवली. अजून हॉटेलात तो विषय निघाला की चहा थंड होतो. आणि ज्यानं दोन्ही उभारलं, तो आत काळोखात आपल्यासाठी उभा होता. त्या माणसाचं मोठेपण आपल्याला कळलं का? मला उशिरा कळलं. त्याचं फार वाईट वाटतं.

अण्णांना घरचं कुणी नाही. बायको फार आधी गेली, लेकरू झालं नाही. त्यांच्या नावानं हाक कोण मारणार, असं काल महादूनं विचारलं, आणि सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी हो म्हटलं. जत्रेची वाट मी पाहणार नाही. आत अंधारात जाऊनही मारणार नाही, तेवढी माझी छाती नाही. इथंच, उजेडात, तुमच्यासमोर मारतो.

फक्त एक मागणं आहे. ओ तुम्ही द्या. आपल्या गेलेल्यांच्या वतीनं अण्णा इतकी वर्षं देत आले, आज त्यांच्या वतीनं आपण देऊ. पाटील, तुमचा आवाज शिवारापलीकडं जातो, तुम्ही सुरुवात करा. गयाबाई, तुम्हीही द्या. सगळे मिळून द्या, मोठ्यानं द्या, आणि बायांनो-बाप्यांनो, हात जोडतो, लगेच द्या. माझी हाक संपली की मध्ये जागा सोडू नका. माझी पाठ तंबूकडं आहे.

आधी थोडा वेळ शांत उभे राहू. उठा सगळे. लेकरांना जवळ घ्या.

झालं. बसू नका.

किसनअण्णाऽऽ!